पाव, अर्धा, पाऊण, एक

माझ्याकडे एका वहीचं एकच पान आहे. हिशेबाच्या लांबट वहीचं, एका कडेला तेलाचा डाग पडलेलं. १९९६ साली लेथवाल्या वस्तादांनी पिस्टनच्या रिंगा त्यात गुंडाळून दिल्या होत्या. घरी येऊन रिंगा काढून घेतल्या आणि पान फेकायच्या आधी सहज वाचलं. निळ्या शाईत अकरा ओळी. ‘लूना, पाव.’ ‘राजदूत, एक, स्लीव्ह सांगितली.’ ‘यामा, अर्धा, उधार.’ ‘एम एटी, पाऊण, पिस्टन त्यांचा.’ अशाच बाकीच्या. तारीख नाही, गिऱ्हाइकाचं नाव नाही.

सोलापुरात ज्यानं कधी गाडीचं इंजिन खोललं असेल त्याला या ओळी समजावून सांगाव्या लागणार नाहीत. इतरांसाठी सांगतो. पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती नळी झिजते. नवी नळी विकत घ्यायची नाही, आहे तीच लेथवर किंवा बोअरिंगच्या मशीनवर चढवून आतून थोडी मोठी करायची आणि तिच्या मापाचा मोठा पिस्टन घालायचा. कारखानेच असे वाढीव मापाचे पिस्टन करून विकतात. पहिला ०.२५ मिलिमीटरनं मोठा, मग ०.५०, मग ०.७५ आणि शेवटचा १.०० मिलिमीटरनं. इंग्रजीत त्याला ओव्हरसाइज म्हणतात. माझे वडील आणि त्यांच्या पिढीचे फिटर पाव, अर्धा, पाऊण, एक म्हणायचे. तूरडाळ मोजावी तसं. एक संपला की ब्लॉक आतून आणखी कापून त्यात बिडाची नवी नळी ठोकून बसवायची, ती स्लीव्ह. मग गाडी परत मूळ मापावर, पुन्हा पावापासून सुरुवात.

मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, इतिहास नाही. पण हे पान सोलापूरच्या इतिहासाचं आहे असं मला वाटतं, आणि ते का वाटतं तेवढंच इथं लिहायचं आहे.

सोलापूरवरचं मुंबई सरकारचं गॅझेटिअर १८८४ सालचं. त्यात गिरणी आहे, मोटारसायकल नाही, आणि असणारही कशी? जर्मनीत डाइम्लर आणि माइबाख या दोघांनी लाकडी सांगाड्यावर पेट्रोलचं इंजिन बसवून पहिली दुचाकी चालवली ती त्यानंतर वर्षभरानं, १८८५ला. अर्ध्या अश्वशक्तीचं इंजिन होतं ते. पण तसल्या गाडीचं इंजिन पुढे आमच्या रामवाडीतल्या दोन खोल्यांत खोललं जायचं होतं, तर त्याची तयारी सोलापुरात आधीच सुरू झाली होती असं माझं मत आहे. ती तयारी म्हणजे गिरणी.

मोरारजी गोकुळदासांची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ची. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू. गिरण्या म्हटलं की लोकांना साचेखातं आठवतं, भोंगा आठवतो, १९३०चा मार्शल लॉ आठवतो. वर्कशॉप कुणाला आठवत नाही. यंत्रं आली होती लँकेशायरहून, बोटीनं. एखादं चाक तुटलं तर विलायतेहून दुसरं येईपर्यंत खातं बंद ठेवणं मालकाला परवडणारं नव्हतं. म्हणून प्रत्येक गिरणीच्या पोटात एक छोटा कारखाना होता. लेथ, भट्टी, भिंतीला ओळीनं टांगलेल्या कानशी. तिथल्या माणसांना एकच काम. झिजलेलं परत मापात आणायचं. माझे वडील त्यातले एक. झिजलेल्या शाफ्टवर वेल्डिंगचा थर चढवून तो पुन्हा लेथवर उतरवायचा, बुश नवं ओतायचं, हे त्यांचं रोजचं. ‘नवीन आणा’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

जुन्या मिलचा एक किस्सा इथं सांगायचा मोह होतो. २७ ऑगस्ट १९४९ला ती बंद पडली. लगेच जानेवारी १९५०मध्ये सरकारनं वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला, आणि चिरंजीतलाल नावाच्या एका भागधारकानं त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. राज्यघटना अजून वर्षाचीही झाली नव्हती. समानतेच्या हक्काचा अर्थ सांगणारा तो निकाल आजही कायद्याची मुलं पाठ करतात. त्यातली किती मुलं सोलापूर कुठं आहे हे सांगू शकतील कोण जाणे. असो. बंद पडलेलं चालू करायची सवय या गावाला जुनी आहे एवढाच मुद्दा.

वडिलांनी १९७४ला जुनी राजदूत घेतली. एस्कॉर्ट्सनं १९६२पासून काढलेली, मूळ पोलंडच्या एसएचएल गाडीवरून. नाव १७५चं, इंजिन १७३ सीसीचं. दूधवाल्यांची गाडी म्हणून तिला नाक मुरडायचे, पण चार कॅन लटकवून तुळजापूरच्या चढावर न कुरकुरता जाणारी गाडी त्या काळी दुसरी कुठली होती? दोन स्ट्रोकचं इंजिन. व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. वरखाली होणारा पिस्टनच नळीतली भोकं उघडतो आणि झाकतो. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं. अशा इंजिनाला घरात दोनच गोष्टी लागतात, पाने आणि धीर. पाने वडिलांकडे होते. धीर नसल्याचं खापर माझ्यावर फुटलं, ते असं.

पेट्रोलबरोबर तेल जळतं, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये आणि पिस्टनच्या डोक्यावर दगडासारखी बसते. गाडी घुसमटते. वर्षातून एकदा इंजिन वरून उघडून ती काजळी काढायची. लोक सायलेन्सरची आतली नळी जाळात घालायचे. वडिलांची रीत वेगळी. चादरीचं सूत रंगवणाऱ्या डायहाऊसमध्ये कॉस्टिक सोडा लागतो, त्यामुळे सोलापुरात तो कुठूनही वाटीभर मिळायचा. लोखंडी घमेल्यात गरम पाणी, त्यात कॉस्टिक, त्यात सायलेन्सरची जाळी. रात्रभर ठेवली की सकाळी काजळी चिखलासारखी निघून यायची.

१९७६च्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांचा. वडील जाळी घमेल्यात टाकून पाळीला गेले. पिस्टन शेजारी कागदावर ठेवलेला, डोक्यावर काजळीचा थर. मला वाटलं, हेही काम करून टाकावं. टाकला. पाणी लगेच फसफसायला लागलं. मला आनंद झाला, काजळी सुटतेय म्हणून. तासाभरानं चिमट्यानं वर काढला तर पिस्टन काळाठिक्कर, अंगावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे, आणि रिंगांच्या खाचा इतक्या सैल की रिंग आत हलत होती. लोखंडाला काही न करणारा कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो आणि त्यातून हायड्रोजन निघतो, हे मी पुढे नववीच्या वर्गात दरवर्षी शिकवलं. त्या दिवशी मला फक्त बुडबुडे दिसले. वडील आले, घमेल्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ‘काय करलालास बे? हुच्च झालास काय?’ एवढंच. मारलं नाही. रात्री जेवताना आईला म्हणाले, ‘ब्लॉकला काठ पडलेलाच होता. पिस्टन घ्यायचाच, तर पाव मारून घेतो.’ आमच्या राजदूतचा पहिला पाव असा माझ्यामुळे झाला.

काठ म्हणजे काय ते वडिलांनी मला ब्लॉकमध्ये बोट घालायला लावून दाखवलं. वरची रिंग जिथपर्यंत जाते तिथपर्यंत नळी झिजते, त्याच्या वरचा बोटभर भाग तसाच राहतो. नखाला तिथं पायरी लागते. स्फोटाचा जोर आणि उष्णता सगळ्यात जास्त वरच असते आणि तेल सगळ्यात कमी, म्हणून झीजही वर जास्त. त्यात आमच्या गावची हवा. मे महिन्यातला बेचाळीस-चव्वेचाळीस अंशांचा ताव, काळ्या मातीचा फुफाटा, पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत सुताचं तूस. एअर फिल्टरचा स्पंज धुवून, तेलात बुडवून, पिळून घालायचा असतो हे शंभरातल्या किती जणांनी पाळलं असेल? पावसाळ्यात ब्लॉकच्या पंखांमध्ये माती भरून वाळली की हवेनं गार होणारं इंजिन गार कसं होणार?

बाहेरचं जग तेव्हा लायसन्सच्या मुठीत होतं. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे दिल्ली ठरवायची. स्कूटरला नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे, लग्नात सासऱ्याच्या नंबरावर बोलणी व्हायची. अशा दिवसांत इंजिन बदलायचं हा विचार शहाण्या माणसाच्या मनात येत नसे. बांधायचं. शब्दच तो होता. ‘इंजिन बांधायला घेतलंय.’ घर बांधतात तसं, खालून वर.

१९७२ला नगरला फिरोदियांच्या कायनेटिकनं लूना काढली आणि इंजिन आणखी लहान झालं. पन्नास सीसी, मूळ इटलीच्या पियाज्जोच्या ‘चाओ’वरून घेतलेलं. पिस्टन मुठीत मावायचा. आमच्या ताईनं नोकरी लागल्यावर घेतलेली पहिली वस्तू म्हणजे लूना. आमच्या गल्लीत बायकांनी इंजिनाला हात लावला तो लूनामुळे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. प्लग काढायचा, काळा झाला असेल तर पॉलिश पेपरनं घासायचा, पत्र्याच्या तुकड्यानं फट बघायची आणि परत लावायचा. ताई हे शाळेच्या फाटकासमोर पदर खोचून करायची. जमलं नाही तर पायडल मारत घरी. पण ब्लॉक उतरवायची वेळ आली की वडील, वर्तमानपत्र आणि रेशनचं रॉकेल. रॉकेलवरून आईची कटकट ठरलेली. ‘स्टोव्ह कशावर पेटवू, तुमच्या पिस्टनवर?’

मग आली चार स्ट्रोकची. हिरो होंडाची सीडी हंड्रेड, १९८५. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा, अशी तिची इंग्रजी जाहिरात होती. आमच्याकडच्या लोकांनी ती शब्दशः घेतली आणि इंजिनातलं ऑइलही विसरले. दोन स्ट्रोकवाल्याला तेल वेगळं आठवावं लागत नसे, पेट्रोलबरोबर जायचंच. चार स्ट्रोकमध्ये ते खाली साठून राहतं, काळं होतं, कमी होतं आणि बोलत नाही. पहिल्या लॉटच्या कितीतरी गाड्या अशा तहानेनं झिजल्या. मी १९८८ला घेतली. ऑइल वेळेवर बदललं. तरी आठ वर्षांत ती निळा धूर मारायला लागली, आणि वडील निवृत्त होऊन घरी होते. दोन स्ट्रोकवर घासलेले हात, समोर व्हॉल्व्ह आणि कॅमची साखळी. पुस्तक वाचून मी सांगायचं, करायचं त्यांनी, असं ठरलं.

ते तीन दिवस मी विसरणार नाही. डोक्यावरचे चार नट फुलीच्या क्रमानं थोडे थोडे ढिले करायचे, नाही तर हेड वाकतं. कॅमवरचं चक्र काढल्याबरोबर साखळीला तार बांधून ठेवायची, कारण ती एकदा खाली केसमध्ये पडली की शिव्यांनीही वर येत नाही. पिस्टनची पिन काढायच्या आधी केसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबायचं. पिनेची दोन्ही लॉकं तारेची, स्प्रिंगसारखी. एक उडालं. तासभर आम्ही दोघं फरशीवर चौपायी शोधत होतो आणि ते फडक्यातच सापडलं. मी म्हणालो, ‘अण्णा, हेच लावू.’ वडिलांनी ते उचलून खिडकीबाहेर फेकलं. उतरवलेलं लॉक परत लावायचं नाही. ढिलं पडलेलं लॉक चालत्या इंजिनात निसटलं तर नळीला वरपासून खालपर्यंत चर पाडतं.

दुसऱ्या दिवशी पिस्टन आणला, मगच ब्लॉक बोअरला दिला. हा क्रम उलटा करणारा माणूस वस्ताद दारातून परत पाठवायचे. सगळ्या पिस्टनांवर माप एकच छापलेलं असलं तरी दोन पिस्टन केसाच्या अंशानं वेगळे असतातच. वस्ताद आधी पिस्टन मायक्रोमीटरनं मोजायचे, खडूनं ब्लॉकवर आकडा लिहायचे आणि त्याच्याहून किंचित मोठी नळी कापायचे. शेवटी होनिंगचे दगड फिरवून भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उठवायचे. त्या रेघांत तेल राहतं. मी आरशासारखी चकचकीत नळी मागितली तेव्हा हसले होते. ‘सर, आरसा घरी बघा. इथं तेल टिकायला पाहिजे.’

घरी वडिलांनी नवी रिंग नुसती नळीत घातली, पिस्टनच्या डोक्यानं ढकलून सरळ केली आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फीलर गेजची पात सरकवून बघितली. फट फार कमी असेल तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग नळीत अडकते. मग तीन रिंगांची तोंडं तीन दिशांना. पिस्टनच्या डोक्यावरची खूण कार्बोरेटरकडे. रिंगा बोटांच्या नखांनी दाबत ब्लॉक वरून उतरवायचा, एकानं धरायचा आणि दुसऱ्यानं दाबायच्या. मी दाबत होतो. वडिलांचे हात ब्लॉकच्या वजनानं थरथरत होते, वय सत्तर. शेवटची रिंग आत गेल्याचा ‘टक’ असा बारीक आवाज झाला तेव्हा दोघांनीही श्वास सोडला. मग मॅग्नेटवरची टी खूण केसच्या खुणेला, कॅमच्या चक्रावरचा गोल हेडच्या खाचेला, आणि टॅपेटची फट मिलिमीटरचा विसावा भाग.

पाव चालला असता, पण एक उभी रेघ खोल होती म्हणून वस्तादांनी थेट अर्धा मारला. मूळ नळी ५० मिलिमीटरची, पिस्टनची चाल ४९.५. म्हणजे ९७.२ सीसी. अर्ध्यानंतर ९९.१. पुढे पाऊण झाला आणि आज गाडी एकवर आहे, १०१.१ सीसी. आरसी बुकात अजून ९७.२च आहे. सरकारच्या नजरेतून निसटून माझी गाडी तीस वर्षांत चार सीसी वाढली, याचा मला थोडा अभिमान आहे.

नव्वदच्या दशकात लक्ष्मी-विष्णूचा भोंगा थांबला. आमच्या भागात गिरणीतून बाहेर पडलेले दोन फिटर आणि एक टर्नर दुचाकीच्या कामावर पोट भरताना मी पाहिले. त्यातलेच एक हे वस्ताद. लेथ लिलावातली, मोटर वेगळीकडची, शेड भावाच्या जागेत. सोलापूर नुसतं दुरुस्तीतच राहिलं असं नाही. टिकेकरवाडीच्या किर्लोस्करांच्या ओतशाळेत ट्रॅक्टरच्या इंजिनांचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात. १९९२ला सुरू झालेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचे कॅम परदेशातल्या मोटारींत फिरतात. माझ्या हातात मावणारा सीडीचा कॅम मी फडक्यानं पुसत होतो तेव्हा त्याचे मोठे भाऊ याच गावात तयार होत होते. पण तो इतिहास कंपन्यांच्या अहवालांत नीट लिहिलेला आहे, त्याची काळजी मला नाही.

आता दुकानात ब्लॉक आणि पिस्टन एकाच खोक्यात मिळतात. जुना ब्लॉक भंगारात, नवा लावा, दुपारपर्यंत गाडी चालू. वाईट काही नाही, हिशेब तसाच बसतो. काही नव्या इंजिनांत नळीच्या भिंतीला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा असतो, तो इतका कडक की झिजतच नाही म्हणतात. पण एकदा ओरखडा पडला की नेहमीचं बोअरिंग तिथं उपयोगी नाही. १ एप्रिल २०२०पासून बीएस सहा आलं, कार्बोरेटर जवळपास गेला, इंधन कॉम्प्युटर मोजतो. हवा सुधारायला ते हवंच होतं. दोन स्ट्रोकच्या धुरात कन्ना चौकात उभं राहिलेल्या माणसानं त्यावर वाद घालू नये. अख्खं इंजिन बदलणारेही आता बरेच. त्यांना एक सांगतो. दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलंत तर नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे ते चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर चढवून घ्यावं लागतं. भंगारातून घेताना आधी त्या इंजिनाचे कागद मागा.

वडील २००९ला गेले. वस्ताद त्यानंतर चार वर्षांनी. मी त्यांच्या मुलाकडे वह्यांची चौकशी केली. बावीस-पंचवीस वह्या होत्या म्हणाला, शेड रिकामी करताना रद्दीत गेल्या. किलोवर. किती रुपये आले हेही त्याला आठवत होतं. त्याची चूक नाही. त्या वह्यांना कुणी कागदपत्रं म्हटलंच नव्हतं. पण विचार करा. कुठल्या वर्षी राजदूत कमी झाल्या आणि सीडी वाढल्या, एम एटी कुठवर टिकली, स्लीव्ह बसवणं कधी थांबलं, उधारी कुठल्या साली वाढली, हे सगळं त्या निळ्या शाईत होतं. लक्ष्मी-विष्णू बंद झाली त्या वर्षी सोलापूरकरांनी नवी गाडी घेतली की जुनीच आणखी पावानं मोठी केली, हे सांगणारं दुसरं कुठलं दप्तर असणार?

तेव्हा विनंती. सोलापुरात, बार्शीत, पंढरपुरात, अक्कलकोटात तुमच्या घरात कुणी लेथवाला, बोअरवाला, गॅरेजवाला होऊन गेला असेल आणि माळ्यावर त्याच्या कामाच्या वह्या पडून असतील, तर त्या रद्दीत घालू नका. तेलाचे डाग पडलेल्या असतील, अक्षर लागत नसेल, तरी ठेवा. मोबाइलवर पानांचे फोटो काढून ठेवलेत तरी पुष्कळ झालं. वाचून लागलं नाही तर मला बोलवा. पाव, अर्धा, पाऊण, एक एवढं मला नक्की वाचता येतं.